निळ्या पाटीचा ट्रकही उघडता येतो

‘टीआयआर’ (सीलबंद गाडीतून अनेक देशांतून माल नेण्याची आंतरराष्ट्रीय कस्टम्स व्यवस्था) लिहिलेली निळी पाटी असली की सीमेवर ट्रक कोणी उघडूच शकत नाही, असा मेसेज फोटोसकट फिरतोय. तो चुकीचा आहे. १९७५ च्या टीआयआर कराराचं पाचवं कलम मी मुद्दाम काढून वाचलं. सीलबंद गाडीतला माल वाटेतल्या देशांत सहसा उघडत नाहीत, एवढंच खरं. गैरप्रकाराचा संशय आला तर कस्टम्स तपासणी करू शकतं, हेही त्याच कलमात आहे. शिवाय सील लावतं तेही निघण्याच्या ठिकाणचं कस्टम्सच. माल वाटेत गायब झालाच, तर बुडालेल्या शुल्कासाठी हमी असते. या मेसेजमुळे प्रामाणिक वाहतूकदारांकडे चोर म्हणून पाहिलं जातंय, याचं फार वाईट वाटतं. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.