कांदा बंद, लसूण चालू: ‘21 दिवसांत सिबो बरा’ या मेसेजला उत्तर

“सिबो 21 दिवसांत घरच्या घरी बरा. गहू, डाळी, कांदा, दूध, फळं पूर्ण बंद. जंतू उपाशी मरतील. रोज अनशापोटी कच्च्या लसणाच्या 4 पाकळ्या. टेस्ट नको, अँटिबायोटिक नको.”

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने तो पाळला. 21 नाही, तब्बल 50 दिवस! परवा भेटली तर बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. म्हणून लिहितेय.

सिबो म्हणजे लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ. ते अन्न आंबवतात आणि पोट तट्ट फुगतं. आधी लसणाचं बघू. गहू आणि कांदा का सोडायचा, तर त्यातली फ्रुक्टन्स (आपल्याला न पचणारी एक प्रकारची कर्बोदकं) आंबतात म्हणून. अहो, लसणात तीच फ्रुक्टन्स ठासून भरलेली असतात! मावशीचं पोट रोज सकाळी दहापर्यंत डब्ब व्हायचं आणि तिला वाटायचं, जंतू मरतायत.

सगळ्यात संताप आला तो दूध बंद करण्याचा. मावशी शाकाहारी, वर पंधरा वर्षांचा मधुमेह आणि त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी. वाढलेले जंतू बी-12 स्वतःच फस्त करतात, मेटफॉर्मिननेही ते कमी होतं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधा-दह्यातूनच मिळतं. तेवढा एक आधार होता, तोही काढून घेतला. आता तळपायाला मुंग्या येतात म्हणते, आणि बी-12 कमी पडलं की असं होऊ शकतं.

पथ्याने गॅस कमी होतो, एवढं मान्य. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार, म्हणजे पोटात आंबणारी कर्बोदकं कमी असलेला आहार, त्यासाठीच आहे. पण तो मुळात आयबीएससाठी (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा आतड्याचा जुनाट त्रास), कडक पथ्य 2 ते 6 आठवडेच, आणि नंतर एकेक पदार्थ परत सुरू करायचा असतो. हा परतीचा भाग मेसेजमध्ये नाहीच.

आणि “टेस्ट नको”? अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं श्वासाची तपासणी (जंतूंनी तयार केलेला वायू श्वासात मोजतात) सुचवतात, आणि त्रास असलेल्या रुग्णाला अँटिबायोटिकही. आहाराबद्दलचा बहुतेक अभ्यास आयबीएसच्या रुग्णांवरचा आहे, हेही त्यात आहे. शिवाय जुन्या मधुमेहात आतड्याची हालचाल मंदावते, त्यानेही सिबो होतो. ते कारण लसणाने कसं जाणार?

काल रात्री मावशीने बऱ्याच दिवसांनी दही-भात खाल्ला, अगदी थोडा. बी-12 साठी रक्त आज सकाळी दिलंय. श्वासाची तपासणी बुधवारी आहे.