पंचावन्न हजार कसे पाडावेत

जुनी पिकअप घ्यायची ठरली की आधी गावभर सांगून टाका. डेअरीवर, सोसायटीत, सलूनमध्ये. आणि गावात 'गाड्यांतला माणूस' म्हणून जो कोणी प्रसिद्ध असेल त्याला तर आवर्जून सांगा. तो आपणहून बरोबर येईल. दिवसाची हजेरी मागणार नाही. मिसळ तुमच्याकडून खाईल आणि दलाली जुन्या गाड्या विकणाऱ्या यार्डवाल्याकडून घेईल. इतका स्वस्त सल्लागार बड्या कंपन्यांनाही मिळत नाही.

मुहूर्तही बघावा. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे टोमॅटोची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हातात पडली तो. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटने उसळी घेतली की पुणे-नाशिक रस्त्यावरच्या यार्डांत ती बातमी आडतीइतक्याच लवकर पोचते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा ज्यांच्या शेतात तो नव्हता त्यांची रुखरुख अजून गेलेली नाही. ती चेहऱ्यावर दिसू द्या, यार्डाच्या शेठलाही कामाला येते. भाव पडलेले असताना, यार्डात दिवसभर कुत्रं फिरकत नसताना जाऊन गाडी मागणं म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा घेणं. आपल्यावर तसले संस्कार नाहीत.

यार्डात शिरलात की बरोबर आलेल्या सहाच्या सहा जणांनी गाडीला प्रदक्षिणा घालावी आणि एकाने टायरला लाथ मारावी. त्या लाथेतून काय कळतं हे आजवर कोणी सांगितलेलं नाही, पण लाथेशिवाय सौदा झाल्याचंही ऐकिवात नाही. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. पण ते वाचायला उकिडवं बसावं लागतं, कडक इस्त्रीच्या पँटची वाट लागते. लाथ उभ्याउभ्या मारता येते.

मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर दिसतील. आठ वर्षं भाजीपाला वाहिलेली गाडी आणि बेचाळीस हजार! आधीचा मालक बहुधा फक्त संकष्टीला बाहेर काढत असावा. क्लचच्या पेडलवरचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालेलं असतं, मधोमध लोखंड चकाकत असतं. तिकडे बघू नका. माणसाचा पाय जड असतो एखाद्याचा.

बॉनेटला हात लावा. सकाळी नऊला ते गरम लागलं तर ते शेठचं अगत्य समजा. गार इंजिनला सेल्फ मारत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून पोराने आठ वाजताच गाडी सुरू करून ठेवलेली असते. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून आतून धूर भपकतो का हे बघणारे काही लोक असतात. असले लोक आयुष्यभर एसटीने फिरतात. खाली वाकून चेसीला वेल्डिंगची शिवण आहे का हेही ते बघतात, आणि काळ्या रंगाचा वास अजून ताजा का येतो असं विचारतात. तुम्ही हौदा बघा. हौद्याच्या मागे 'आई-वडिलांचा आशीर्वाद' नीट रंगवलाय ना, मग झालं. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे मोजलेत आणि एक जास्त भरला तरी दचकू नका. "मालक, एक्स्ट्रा पाटा टाकून दिलाय," असं शेठ कौतुकाने सांगेल. दीड टनाच्या गाडीत आधीच्याने रोज किती टन घातले म्हणून तो पाटा टाकावा लागला, हे विचारून त्याचा उत्साह घालवू नका.

आता मुख्य कार्यक्रम. बैलबाजारात जुनी माणसं उपरण्याखाली बोटं धरून भाव करायची, शेजारी उभा असलेल्यालाही आकडा कळायचा नाही. आपण सुधारलेले लोक. यार्डात पाय टाकतानाच मोठ्याने सांगून टाकावं, "शेठ, पाच लाखांपर्यंत बजेट आहे बघा." त्यालाही बरं पडतं, उगाच अंदाज बांधत बसावं लागत नाही.

"साडेपाचाची गाडी आहे, मालक."

"जास्त होतात."

"मग तुम्ही बोला."

या ठिकाणी गप्प बसायचा मोह होतो. आवरा. तुम्ही गप्प राहिलात तर शेठही गप्प राहील, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागेल, आणि एवढा वेळ कोणी बोललं नाही तर तोच कासावीस होऊन पंधरा-वीस हजार खाली येईल. एका धंदेवाल्या माणसावर अशी वेळ आणू नये. लगेच बोला. आणि बोलताना गाडीकडे प्रेमाने बघा. बरोबर धाकटा मुलगा आणला असेल तर तो एव्हाना केबिनमध्ये चढून हॉर्न वाजवत असेलच. त्याला उतरवू नका. तो हॉर्न म्हणजे शेठचा निम्मा सौदा.

मग कालच्या पार्टीचा विषय निघतो. "कालच संगमनेरची पार्टी पाच-वीस रोख देत होती, मीच नाही म्हणलो." पाच-वीस रोख मिळत असताना का नाही म्हणालात, असं तोंडावर आलं तरी गिळा. ही पार्टी प्रत्येक यार्डात काल येऊन गेलेली असते. बिचारीला अजून कुठे गाडी मिळालेली नाही.

यानंतर शेठ कॅल्क्युलेटर ओढेल. काहीतरी बडवेल. बाहेर जाऊन पार्टनरला फोन करेल. त्या वेळी फोनची स्क्रीन उजळलेली आहे का हे बघणं असभ्य. परत येऊन खुर्चीत बसताना तो जो सुस्कारा सोडतो त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. "जाऊ द्या. तुमची पहिलीच गाडी. घरात काही राहत नाही आपल्याला, पण तुमचं मन राखायचं. चार पंच्याण्णव." गाड्यांतला माणूस तुमच्या पाठीवर थाप मारेल. साडेपाचाचे चार पंच्याण्णव! पंचावन्न हजार पाडले! तालुक्यात नाव होईल.

विजयाच्या याच धुंदीत फायनान्सचा पोरगा फॉर्म घेऊन येतो. त्याची वेळ कधी चुकत नाही. पंच्याण्णव हजार तुमचे, चार लाख कर्ज. "व्याज किती?" "दहा टक्के फ्लॅट, सर." दहा टक्के! घरच्या कर्जासारखंच की. 'फ्लॅट' या शब्दापाशी थांबू नका. चार लाखांवर तीन वर्षांचं व्याज एक लाख वीस हजार, हप्ता १४,४४४ रुपये. दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण चार लाखांवरच लागत राहतं. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हा दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. आणि खरोखरच दहा टक्के घटत्या शिल्लकेवर मिळाले असते तर हप्ता १२,९०७ च्या घरात आला असता, तीन वर्षांचं व्याज साधारण चौसष्ट हजार सहाशे. वजाबाकी करायचीच असेल तर पंचावन्न हजारांच्या थोडं वर काहीतरी उरतं. हा आकडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. वरचे तीनशे-साडेतीनशे चहाचे धरा.

तरीही कोणी हुशारी करून बँकेचा दर विचारलाच, तर पोरगा नम्रपणे एकच प्रश्न करेल, "महिन्याला किती झेपतील तेवढं सांगा, सर." सांगून टाका. झेपतील तेवढेच बसवून देईल, मुदत वाढवून.

कागदपत्रांवर वेळ घालवू नका. आरसीवर आधीच्या फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि एनओसी लागते, ती "येतेय". मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच असतात. कायदा करणाऱ्यांना शेठच्या ड्रॉवरची कल्पना नव्हती. तिथे हे फॉर्म कोरे, नुसत्या सह्या केलेले, वर्षानुवर्षं मुरत पडलेले असतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृत होऊन ताब्यात आलेल्या गाडीची रीतसर नोंद करायची, असेही नियम आहेत. ते प्रमाणपत्र शेठकडे मागणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरात रेशनकार्ड बघायला मागणं.

दारातला जुना छोटा हत्ती एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर तुम्हीही अशाच कोऱ्या कागदांवर सह्या करून मोकळे व्हा. नाव बदललं का याचा पाठपुरावा करणं शंकेखोर माणसाचं काम. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलंय की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईला तोच मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून फिरलेली असो. म्हणजे गाडी विकूनही दप्तरी मालकी तुमचीच राहते. एवढा मान दुसऱ्या कुठल्या व्यवहारात मिळतो?

पासिंगचं तर बोलूच नका. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. तुमची गाडी नेमकी आठवं ओलांडतेय म्हणून तर ती यार्डात आली. "पासिंग करून देतो," हे वाक्य शेठ तोंडी बोलेल. ते लिहून मागू नका, माणसाच्या शब्दाला काही किंमत असते. गाडीचा नंबर टाकून थकलेली ई-चलनं फोनवर दोन मिनिटांत दिसतात, पण तेवढ्या वेळात तुमचा हार घालून होतो.

हार घाला, नारळ फोडा, किल्ली घेताना शेठच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढा. टाकीत डिझेल किती आहे हे बघू नका; यार्डाच्या समोर पंप आहे, तो उगाच नाही. टोकन म्हणून आधी दिलेल्या पैशांची पावती मागायची गरज नाही, कारण आता आपण घरचेच झालो. आरसी तुमच्या नावावर होऊन आठ दिवसांत घरपोच येईल असं शेठने सांगितलेलं आहे. ते आठ दिवस कधीपासून मोजायचे, एवढं मात्र त्याला विचारू नका. आत्ताच कुठे ओळख झालीय.