‘स्कोअर न करणारा गार्ड म्हणजे चार जणांची टीम’? नाही बाप्पा!

गेल्या आठवड्यापासून नागपुरातल्या बास्केटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला आहे. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातला एक माझा भाचा. मेसेज थोडक्यात असा: ‘जो गार्ड स्कोअर करत नाही, तो असून नसल्यासारखा. स्कोअरशीट बघा, खोटं बोलत नाही. डिफेन्स काय, दम असला की कोणीही करतो. एनबीएवाले पण डिफेन्सचं बक्षीस उंच सेंटरलाच देतात. आणि नाहीच जमलं तर झोन लावा. अशा पोरांना ट्रायलमधूनच घरी पाठवा.’ नवख्यांसाठी: गार्ड म्हणजे बॉल आणणारा, बाहेरून खेळणारा; सेंटर म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच गडी; आणि झोन म्हणजे माणसाऐवजी जागा राखायचा डिफेन्स.

मी स्वतः खेळायचो तेव्हा स्कोअरर होतो. त्यामुळे या जातीच्या गार्डांवर प्रेम करायचं मला काही कारण नाही. उलट त्यांनी माझी पुष्कळ वाट लावली आहे.

आधी स्कोअरशीट. टेबलवर बसलेला माणूस त्या कागदावर खेळाडूसमोर काय लिहितो? पॉइंट आणि फाउल. बस. म्हणजे डिफेन्स करणाऱ्या पोराचं काम कागदावर उमटतं ते त्याने चूक केल्यावरच. कागद खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला अर्धंच बोलता येतं.

उरलेलं अर्धं असं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमात एका अटॅकला 24 सेकंद मिळतात, त्यातल्या पहिल्या 8 सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यावा लागतो. कोणी आडवं आलं नाही तर पॉइंट गार्ड (बॉल आणणारा मुख्य गार्ड) तीन-चार सेकंदांत आरामात पलीकडे जातो. वीस शिल्लक. आता समोर एक चिवट पोरगा उभा करा, जो बॉलवाल्याला तीनदा वळायला लावतो. बॉल सातव्या सेकंदाला पलीकडे गेला. सतरा शिल्लक. सेट, म्हणजे ठरलेली चाल, उजवीकडून सुरू करायचा होता, पण याने त्याला डाव्या हातावर ढकललं, आणखी चार गेले. पहिली चाल फसली की दुसरी शोधायला वेळच उरत नाही. मग कोणीतरी घाईत लांबून मारतो, हुकून परत आलेला बॉल (रिबाउंड) सेंटर घेतो, आणि टाळ्या सेंटरला.

मला असा एक भेटला होता, सकाळच्या मॅचमध्ये, सिमेंटच्या कोर्टवर. काडीसारखा. त्याने माझ्या हातातून बॉल क्वचितच काढला असेल. मला बॉल मिळूच दिला नाही, एवढंच. दुसऱ्या हाफमध्ये मी वैतागून आमच्याच सेंटरवर ओरडलो, ‘पास देता येत नाही का बे!’ त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. मॅच आम्ही हरलो, आणि काडीवाल्याच्या नावावर बहुतेक एकच बास्केट होती.

मोठ्या मंचावरचं उदाहरण हवं असेल तर 1996ची एनबीए फायनल घ्या. शिकागो सिएटलविरुद्ध 3-0 ने पुढे, शिकागोच्या मायकेल जॉर्डनची सरासरी 31 पॉइंट. चौथ्या मॅचपासून सिएटलचा गार्ड गॅरी पेटन त्याच्यावर आला. पुढच्या तीन मॅचमध्ये जॉर्डनचे 23, 26 आणि 22. त्यातल्या दोन सिएटलने जिंकल्या, सहाव्या मॅचमध्ये मालिका हरले. ‘पेटन तर स्वतः भरपूर स्कोअर करायचा!’ असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मग अ‍ॅलेक्स कॅरुसो बघा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, याला कोणी घेतलं नव्हतं. 2025मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या सातव्या मॅचमध्ये ओक्लाहोमा सिटीने या गार्डला कोणावर लावलं? निकोला योकिचवर! अर्ध्या फुटाने उंच सेंटर. कॅरुसो त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा, म्हणजे आतला पास पोचायलाच नको. निकाल 125-93. त्याच मोसमात ओक्लाहोमा चॅम्पियन झाली.

‘दम असला की कोणीही करतो’ म्हणणाऱ्याने एकदा स्क्रीनमधून, म्हणजे वाट अडवायला उभ्या केलेल्या माणसातून, निघून दाखवावं. आंधळ्या बाजूने ऐंशी किलोचा माणूस येऊन खांबासारखा उभा राहतो, आणि अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की त्याच्या वरून (बॉलवाल्याला चिकटून) घुसायचं की खालून (बास्केटच्या बाजूने) वळसा घ्यायचा. बॉलवाला शूटर असेल तर खालून गेलात की लांबून तीन पॉइंटचा शॉट (थ्री) बसला. वरून जाताना हात लागला की फाउल, आणि पाच झाले की बाहेर. हे पायांचं आणि डोक्याचं काम आहे. दम तर घोड्यालाही असतो.

उंच सेंटरवाला मुद्दा साफ चुकीचा आहे. एनबीएचा सर्वोत्तम डिफेन्सचा पुरस्कार 1983 साली सुरू झाला. पहिली दोन वर्षं सिडनी मॉन्क्रिफ, 1986ला अल्विन रॉबर्टसन, 1987ला मायकेल कूपर, 1988ला जॉर्डन. पहिल्या सहापैकी पाच वेळा गार्ड! पुढे 1996ला पेटन, आणि मग थेट 2022ला मार्कस स्मार्ट. मधला दुष्काळ खराच आहे, पण 2004पासून बॉलवाल्याला हात लावण्यावर पंच कडक झाले, हेही लक्षात घ्या. काम अवघड झालं म्हणून ते बिनकामाचं ठरत नाही.

झोनबद्दल एवढंच, की 2-3 झोनमध्ये (दोघं पुढे, तिघं मागे) पुढचे दोघं कोण असतात ते मोजून बघा. गार्डच!

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्याला माझे काही मार्क. 2015मध्ये एनबीए प्लेऑफमध्ये मेम्फिस गोल्डन स्टेटविरुद्ध 2-1 ने पुढे होतं, मेम्फिसचा डिफेन्सवाला गार्ड टोनी अ‍ॅलनने त्यांच्या शूटरांना जेरीस आणलं होतं. मग गोल्डन स्टेटने आपला सेंटर नावाला अ‍ॅलनवर लावला आणि अ‍ॅलनला बाहेर मोकळं सोडलं, मार म्हणाले. तिथून मालिका फिरली, गोल्डन स्टेट 4-2 ने जिंकलं. तेव्हा आपल्या पोराला कॉर्नरचा थ्री, बिनबॉलचा कट (बॉल नसताना बास्केटकडे धाव) आणि नीट स्क्रीन लावणं शिकवावंच लागेल. ते शिकवता येतं.

येत्या ट्रायलला एक करा. आपल्या सगळ्यात भारी स्कोअररला त्या पोराविरुद्ध दहा वेळा बॉल आणायला लावा, मोबाइलवर सेकंद मोजा. मग दुसरा कोणताही गार्ड समोर ठेवून आणखी दहा. वहीत दोन रकाने पुरे. सकाळी सहालाच करा म्हणजे झालं, नऊनंतर इथल्या उन्हात स्कोअरर तसाही हळूच येईल.