एबी फॉर्म आपल्याच खिशात ठेवा

नवा पक्ष काढताय? अभिनंदन. विचारसरणीचं नंतर बघू, आधी शंभर नोंदणीकृत मतदार गोळा करा, जे कागदोपत्री तरी दुसऱ्या पक्षात नाहीत. भावकी आणि ठेकेदार धरले की आकडा जुळतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ प्रमाणे स्थापनेपासून 30 दिवसांत अर्ज निवडणूक आयोगाकडे पोचायला हवा, सोबत 10,000 रुपये शुल्क.

अर्जाला पक्षाची घटना जोडावी लागते आणि तीत ठरावीक मुदतीने अंतर्गत निवडणुका घेण्याची तरतूद लागते. घाबरू नका. आयोग तरतूद वाचतो, मतपेटी बघायला येत नाही. कार्यक्रम जाहीर करा, साहेबांचा एकच अर्ज येईल याची काळजी घ्या आणि ‘बिनविरोध’चे फ्लेक्स आदल्या दिवशीच छापून ठेवा. कार्यकारिणीच्या पहिल्या बैठकीत एकओळी ठराव करून घ्या: सर्वाधिकार अध्यक्षांना. दुसऱ्या बैठकीची गरज पडत नाही. पदं मात्र सढळ हाताने वाटा. जितके नाराज, तितके सरचिटणीस. तेही संपले तर ‘विशेष निमंत्रित’ आहेतच.

आता खरा पक्ष. तो कार्यालयात नसतो, दोन कागदांत असतो. उमेदवार ठरवून सही कोण करणार, हे फॉर्म ए सांगतो. उमेदवार कोण, हे फॉर्म बी. हे दोन्ही कागद उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 च्या आत निवडणूक अधिकाऱ्यासमोर हवेत. सही पेनानेच हवी, रबरी शिक्का किंवा छापील सही चालत नाही. म्हणून सही आधी करून ठेवा, नावाची जागा कोरी. नाव अडीच वाजता भरा. आधी भरलंत तर बाकीचे चार इच्छुक समोरच्या पक्षाचा फॉर्म घेऊन तुमच्याआधी रांगेत उभे दिसतील. फार उशीर केलात तर गाडी फाटकाला अडकते आणि तुमचा उमेदवार अपक्ष होतो. दोघांना बी फॉर्म द्यायचा मोह आवरा (आवरत नाही, हे ठाऊक आहे). आधीचा रद्द केल्याचं लेखी वेळेत दिलं नाही, तर ज्याचा अर्ज आधी दाखल झाला तोच तुमचा अधिकृत उमेदवार. आणि हो, मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला सूचक दहा लागतात. त्यातला एक जरी शेजारच्या मतदारसंघातला निघाला तरी छाननीत अर्ज बाद.

बंडखोरांसाठी माघारीच्या दिवसापर्यंत महामंडळाचं आश्वासन पुरतं. महामंडळ अस्तित्वात असलंच पाहिजे असं नाही.

खर्चाचं फार मनावर घेऊ नका. 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, पक्षाला कसलीच नाही. फक्त स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवाराला व्यासपीठावर चढू देऊ नका. तो शेजारी बसला, किंवा त्याचा फोटो मागच्या फलकावर दिसला, की सभेचा खर्च त्याच्या खात्यावर चढतो. त्याला खाली पहिल्या रांगेत बसवा आणि साहेबांना ‘आपला माणूस’ एवढंच म्हणायला सांगा.

बूथवर मात्र शहाणा माणूस पाठवा. मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, मतदानाच्या 90 मिनिटं आधी असतो, रात्रीच्या जेवणावळीतून थेट आलेला एजंट तिथे डुलक्या घेतो. संध्याकाळी 17सी ची, म्हणजे बूथवर किती मतं पडली त्या हिशेबाच्या फॉर्मची, प्रत न घेता तो घरी गेला, तर मोजणीच्या दिवशी आकडे कशाशी ताडून बघणार?

निवडून आल्यावर फूट पडेलच. 2003 च्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश आमदारांनी फुटून आमदारकी वाचवायची सोय बंद झाली. आता ती वाचवायला विलीनीकरण लागतं आणि त्याला दोन-तृतीयांश आमदार. भांडण चिन्हापर्यंत गेलं तर आयोग 1968 च्या चिन्ह आदेशाचा परिच्छेद 15 उघडतो, म्हणजे कोणता गट खरा पक्ष ते ठरवतो. 2023 मध्ये शिवसेनेच्या आणि 2024 मध्ये राष्ट्रवादीच्या वादात संघटनेतलं बहुमत ठरवता येईना, तेव्हा विधिमंडळातली डोकी मोजली गेली. त्यामुळे तुमच्या त्या सरचिटणिसांची प्रतिज्ञापत्रं खोकी भरभरून दिल्लीला धाडा, पण आमदारांच्या हॉटेलचं बुकिंग त्याच्या आधी करा.