फुकट, पण रीतसर

कॅल्क्युलसचं, म्हणजे बदलाचा दर मोजणाऱ्या गणिताचं, पुस्तक फुकट कुठे मिळेल, असं मी वर्गात विचारलं. "सर, टेलिग्रामवर आहे की," असं म्हणत मागच्या बाकावरच्या मुलाने अडीच हजारांचं कॅल्क्युलस तीस सेकंदांत माझ्या मोबाइलवर टाकलं. कोणीतरी पुस्तक मांडीवर ठेवून स्कॅन केलेलं. एका पानावर अंगठाही आलेला, तोही नेमका सिद्धतेच्या शेवटच्या ओळीवर. म्हटलं, "असं नको रे, रीतसर फुकट हवंय." लग्नाच्या पंगतीत बसून मी बिल मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

मग मी स्वतःच शोधायला बसलो. 'फ्री' लिहिलेल्या पहिल्या पानावर डाउनलोडची चार हिरवी बटणं होती. पहिल्या तिन्हींनी मला मोबाइलमध्ये व्हायरस असल्याचं कळवलं. चौथ्याने कार्ड नंबर मागितला.

खरी पुस्तकं सापडली ती रात्री साडेअकराला. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स नावाचा फुकट पाठ्यपुस्तकांचा उपक्रम आहे. त्यांचं कॅल्क्युलस तीन खंडांत, २०१६चं, आणि लेखकांत चक्क एमआयटीत गणित शिकवलेले गिल्बर्ट स्ट्रँग. जिम हेफरन यांचं लिनियर अल्जिब्रा (मॅट्रिक्सवालं गणित) तर सगळ्या उत्तरांसकट फुकट. ही उदारता मी वर्गात जाहीर केली आणि पुढच्या गृहपाठात बेचाळीस मुलांनी एकच उत्तर, एकाच स्वल्पविरामासकट लिहून आणलं.

आता दोन-तीन पुस्तकांतले धडे एकत्र करून आपल्या अभ्यासक्रमाचं एकच पुस्तक करावं, असा बेत केला. तिथे लायसन्स आडवं आलं. फुकट पुस्तकांनाही गोत्र असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलस 'बाय-एनसी-एसए'. म्हणजे नाव द्या, धंदा करू नका आणि बदल करून काढलेली पुढची पिढीही याच लायसन्सच्या घराण्यात ठेवा. रॉबर्ट बीझर यांचं लिनियर अल्जिब्रा 'जीएफडीएल' नावाच्या दुसऱ्या लायसन्सवालं. तेही म्हणतं, पुढची पिढी माझ्याच घराण्यातली हवी. दोघांचे परिच्छेद एकमेकांत मिसळून धडा केला, तर ते पोर आडनाव कोणाचं लावणार? स्थळं दोन्ही उत्तम, हुंडा शून्य, पण पत्रिका जुळेना. शेवटी मॅट्रिक्सचा भाग मीच लिहिला. वाईट लिहिला, पण निदान बिनगोत्राचा.

फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. "पाठपोट काढू? स्पायरल?" मी म्हटलं, "यावर नफा कमावता येत नाही." तो म्हणाला, "मग दीड रुपयाने परवडणार नाही, सर." हे पोरांसाठीच काढतोय, तुमची मजुरी घ्या, पण पुस्तक म्हणून विकायला ठेवू नका, हे समजावण्यात रिक्षावाल्याचा चहा थंड झाला. तो मध्ये का होता, ठाऊक नाही.

विभागप्रमुख मॅडमनी प्रत उलटीपालटी करून पाहिली. "फुकट आहे, तर चांगलं कसं असेल?" गणितात याला प्रतिपादन म्हणतात, सिद्धता नव्हे. पण पगारपत्रकावर सही त्यांची असते, त्यामुळे मी मान हलवली.

या पुस्तकांतली गणितं अमेरिकी असतात, ती मात्र बदलता येतात. शिडीचं गणित फुटांत असलं तरी चालतं, आपलं घरही स्क्वेअर फुटांतच असतं. बेसबॉलचं काय करायचं? कोपऱ्यांवर बेस असलेला चौरस, चारही बाजू नव्वद फूट, धावपटू पहिल्या बेसकडे निघालाय, तर दुसऱ्या बेसपासूनचं त्याचं अंतर किती वेगाने कमी होतं? मी रात्र जागवून त्याचं खो-खो केलं. पाठलाग करणारा गडी खांबाकडे धावतो, मध्येच मागे वळतो, तर त्या क्षणी अंतराचा दर काढा.

वर्गात खो-खोच्या संघातली मुलगी उभी राहिली. "सर, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. फाउल आहे."

लायसन्सप्रमाणे मूळ पुस्तकात बदल केला की तसं नमूद करावं लागतं. त्या पानाच्या तळाशी आता छापलंय: 'बदल: बेसबॉलऐवजी खो-खो. फाउल मूळ लेखकांचा नाही.'