गिरणी बघून कोड ठरत नाही

‘रेयॉनच्या कारखान्यात जाणारा पल्प ४७०२ आणि कागदाच्या गिरणीत जाणारा ४७०३’ हे आयात पल्पच्या (म्हणजे लाकडाच्या वगैरे लगद्याच्या) कस्टम्स कोडवरच्या लेखातलं वाक्य वाचून नवीन पोरं तसंच भरतील म्हणून लिहितोय. न्हावा शेवाला माल सोडवायचं काम करतो. ४७०२ मध्ये काय बसतं ते खरेदीदार कोण यावर नाही, कस्टम्स टॅरिफच्या ४७ व्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेवर ठरतं. १८ टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला तासभर ठेवल्यावर न विरघळलेला भाग सोडा किंवा सल्फेट पल्पमध्ये वजनाने किमान ९२ टक्के हवा, सल्फाइटमध्ये ८८ (लाकूड कोणत्या रसायनात शिजवलं त्यावरून ही नावं). सल्फाइटला वर राखेची अट, ०.१५ टक्क्यापेक्षा जास्त नको. एवढं बसलं तर ४७०२, मग तो माल कुठेही जावो. आमच्या एका पार्टीच्या परदेशी पुरवठादाराने सर्टिफिकेटवर फक्त आर-१० दिला होता, म्हणजे १० टक्के सोड्यातला आकडा. तो इथे काय कामाचा? आर-१८, म्हणजे १८ टक्क्यांतला आकडा, मागवेपर्यंत कंटेनर तिथेच पडून, आणि डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याच्या भाड्याचं, मीटर चालू. इनव्हॉइसच्या आधी हा कागद मागून घ्या, बाकी सगळं नंतर.

आणि लेखात बांबूचा उल्लेखच नाही? पेपरवाले तोही सर्रास ‘वुड पल्प’ म्हणून बुक करतात. बांबू लाकडात धरत नाहीत, त्याचा पल्प ४७०६ ३० मध्ये जातो. डायपरवाला फ्लफ पल्पही लेखकाने वेगळा समजलेला दिसतो. तो साधारणपणे ब्लीच केलेला सूचिपर्णी सल्फेटच असतो, म्हणजे ४७०३ २१.