कपात पगारावर नाही, डिझेलवर पडते

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली स्वतः लिहिलं, 'बरोबरच आहे की, कामून एवढा खर्च?' मेसेज थोडक्यात असा: ग्रामीण पोलिसांचा निधी कापा, कुणाचं काही बिघडत नाही. गावात पोलीस पाटील आहे, तंटामुक्ती समिती आहे, चौकात सीसीटीव्ही आहे, अडीअडचणीला 112 आहे, तक्रार मोबाईलवरून देता येते. नाहीतरी सगळा पैसा पगारातच जातो. दूरक्षेत्रं, म्हणजे ठाण्याच्या हाताखालच्या गावाकडच्या चौक्या, बंद करा आणि तो पैसा कर्जमाफीला द्या.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. हाच मेसेज महिनाभरात तिघांनी पाठवला, तेव्हा सोडून दिला. मामांनी पाठवल्यावर राहवलं नाही, कारण गेल्या वर्षी त्यांच्याच विहिरीवरची केबल चोरीला गेली होती.

पगाराचा मुद्दा आधी घेते, कारण तेवढाच अर्धा खरा आहे. पोलिसांच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा पगाराचाच असतो, मान्य. पण म्हणूनच कपात धोक्याची आहे. पगार कुणी कापू शकत नाही. मग कात्री लागते ती डिझेलला, गाडीच्या टायरला, प्रवासभत्त्याच्या बिलांना आणि रिक्त जागांना. 4 मे 2020 च्या शासन निर्णयाने राज्यातल्या योजनांचा खर्च 33 टक्क्यांवर आणला आणि आरोग्याची खाती वगळता नवी भरती थांबवली. तेव्हा कोरोना होता, कारण समजण्यासारखं होतं. पुढे मोठ्या भरत्या निघाल्या, 2024 मध्ये 17 हजारांवर पदांची निघाली, हेही खरं. पण शिपाई काही जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवशी ठाण्यात उभा राहत नाही. मैदानी, लेखी, मग प्रशिक्षण. तोवर एकाच जमादाराकडे दोन-दोन बीट, म्हणजे दोन-दोन हद्दीतली गावं.

आता मामांची केबल. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, लाईट रात्रपाळीची. मामा बारा वाजता विहिरीवर गेले तर मोटर सुरू होईना. बॅटरी मारून पाहिलं तर पेटीपासून विहिरीपर्यंतची केबल गायब, आणि बांधाच्या पलीकडं रबर जाळल्याचा वास. चोरट्यांनी तिथंच तांबं मोकळं करून नेलं होतं. 112 ला फोन लगेच लागला, बाई नीट बोलल्या. पण फोन उचलणं आणि गाडी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मामाच मोटारसायकलवर जमादाराला घेऊन आले, तोवर शेजारच्या गुरांनी बांध तुडवून टाकला होता. पंचनाम्यात काय लिहिणार? मामा, त्या रात्री तुम्हाला नंबर नव्हे, गाडी हवी होती.

माझा खरा राग आहे तो तंटामुक्तीच्या मुद्द्यावर. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद तिच्यामुळे कोर्टापर्यंत आले नाहीत, हे मी वकील असूनही आनंदाने सांगते. पण समिती म्हणजे पोलीस नव्हे. माझ्याकडे आलेल्या एका बाईचा शेताच्या वाटेवर विनयभंग झाला होता. तिला बसवून सांगण्यात आलं, 'गावातलं गावात मिटवू, तो माफी मागेल.' विनयभंग हा तडजोडीचा गुन्हाच नाही. कायदा तो कोर्टातही मिटवू देत नाही, मग पारावर कोण मिटवणार? चार दिवसांनी ती एसटीने ठाण्यात गेली. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा. तिच्या कलम 173 प्रमाणे अशा गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. ठाण्यातली एकुलती एक महिला अधिकारी जिल्ह्याला बंदोबस्तावर. संध्याकाळची शेवटची गाडी चुकेल म्हणून ती परत फिरली. पुन्हा यायला तिला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत घरच्यांवर दबाव आला तो वेगळाच. मेसेज लिहिणाऱ्याला ही बाई दिसत नाही. दूरक्षेत्र बंद झालं तर तिचं अंतर वाढणार आहे, त्याचं नाही.

हीच संहिता नीट वाचली तर मेसेजचा पायाच उरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या कायद्याने पोलिसांचं काम वाढवलं आहे. झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण करायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञ घटनास्थळी नेण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू करायची. मराठवाड्यात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला. तालुक्यातून एक नमुना पोहोचवायचा तर एक अंमलदार दिवसभर गेला. आणि आरोपी कोठडीत असताना गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला जामीन हक्काने मिळतो. माणूसबळ कमी करा म्हणणाऱ्याने हे दिवस मोजावेत.

मोबाईलवरच्या तक्रारीचंही तेच. सोय चांगली आहे, पण तीन दिवसांत सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदली जाते. आणि तपासाला मोबाईल जात नाही, माणूस जातो.

पोलीस पाटील? मानधनावरचा माणूस. खबर देतो, घटनास्थळ राखतो. दोषारोपपत्र तो पाठवत नाही. सीसीटीव्ही चौकात असतो, विहिरीवर नाही. आणि कर्जमाफीचा पैसा पोलिसांच्या डिझेलमधून उभा राहील असं ज्याला वाटतं त्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

ठाण्यात पैसे मागतात, फिर्याद घ्यायला टाळाटाळ करतात, हे मामांचं म्हणणं मी नाकारत नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात त्याची, फिर्याद घेतलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या ललिता कुमारी निकालात सांगितलं आहे. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तो अर्ज मी फुकट लिहून देईन.

आणि मामा, तुम्ही तो मेसेज गावाच्या ग्रुपवरही टाकलाय. तिथं हेही टाका, केबलच्या फोटोसकट.